साखर आणि गुलामगिरी: क्लार्कचं चित्र घ्यावं की गिलरेचं?

साखरेच्या वसाहती इतिहासाचं एखादं जुनं मुद्राचित्र, म्हणजे त्याची चांगली प्रत, भिंतीवर लावायची असेल तर आधी चित्रकार क्लार्क आणि व्यंगचित्रकार गिलरे या दोघांचा विचार करावा.

विल्यम क्लार्कने वेस्ट इंडीजमध्ये अ‍ॅडमिरल टॉलमॅशच्या मळ्यांवर ३ वर्षं राहून चित्रं काढली. त्यांतली अँटिग्वा बेटाची १० रंगीत अ‍ॅक्वाटिंट (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली, जलरंगासारख्या छटांची) चित्रं १८२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. उसाच्या लागणीसाठी खड्डे खणण्यापासून साखर जहाजावर चढवण्यापर्यंतचं काम त्यांत दिसतं. सर्वांत बोलकं चित्र रस आटवण्याच्या खोलीचं. ओळीने काहिली, म्हणजे मोठ्या कढया, एकीतला रस दुसरीत टाकणारी माणसं. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हे काम लगेच कळतं. मला खटकतं ते इथेच: कष्ट दिसतात, यातना दिसत नाहीत. राबणारे सगळे गुलाम आहेत, आणि दृश्य मात्र नेटकं, जवळपास प्रसन्न. चित्रं प्रसिद्ध झाली त्याच वर्षी डेमेरारामध्ये, म्हणजे आजच्या गयानातल्या ब्रिटिश वसाहतीत, गुलामांनी उठाव केला होता.

जेम्स गिलरेचं १७९१ चं कोरीव चित्रही काहिलीचंच. आजारी असल्याने काम न करू शकणाऱ्या गुलामाला मुकादम उकळत्या रसात कोंबतो आहे आणि मागच्या भिंतीवर तोडलेले मानवी अवयव ठोकलेले आहेत. ब्रिटिश संसदेत गुलामांच्या व्यापारावर चर्चा झाली, तेव्हा सांगितल्या गेलेल्या घटनेवर ते बेतलं आहे. बघवत नाही, पण क्लार्कने गाळलेलं सगळं इथे आहे. गिलरेचं १७९२ चं दुसरं चित्र सौम्य आहे. गुलामांच्या श्रमातून आलेल्या साखरेवर बहिष्कार चालू असताना राजघराणं बिनसाखरेचा चहा पितंय. मात्र त्यात टोला राजा-राणीच्या चिक्कूपणाला आहे, गुलामांची बाजू नावापुरती.

शाळा किंवा वाचनालय असेल तर क्लार्कची काहिलीची खोली आणि गिलरेचं १७९१ चं चित्र शेजारी शेजारी लावा. एकच घ्यायचं तर मी गिलरे घेईन. एकटा क्लार्क गुलामगिरीची शोभा करून ठेवतो. लहान मुलांच्या घरात मात्र १७९२ चं बरं. मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेल्या मराठी मजुरांची गोष्ट या चित्रांनंतरची, ती यांत शोधू नये.

छपाईचं म्हणाल तर क्लार्कच्या हलक्या छटा चकचकीत कागदावर मरतात. मॅट, सुती कागद मागा. गिलरेची प्रत मोठी घ्या, नाहीतर मुकादमाच्या तोंडचा मजकूर वाचताच येत नाही. चित्राखालच्या ओळी कापू देऊ नका, मळ्याचं नाव आणि प्रकाशनाची तारीख बहुधा तिथेच असते.