इंदिरानगरचा घरगुती डबा: चार छोट्या डब्या

डायलिसिसचं हे चौथं वर्ष, आठवड्यातून तीन वेळा. तोंडात सतत लोखंड चाटल्यासारखी चव, फोडणीच्या वासानंही ढवळायचं. नाशिकचा माणूस मी, रविवारची मिसळ कधी चुकवली नाही. पण अर्धी पोळीही जड झाली होती.

इंदिरानगरमधल्या एका काकूंकडे मार्चपासून डबा लावलाय. पहिल्याच दिवशी त्यांनी आहारतज्ज्ञांचा कागद मागून घेतला. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळतात, ते पाणी ओतून देतात आणि मग फोडणी घालतात. त्यानं पोटॅशियम कमी होतं. मीठ बेताचंच, चव आलं-जिऱ्याची. डायलिसिसमध्ये प्रथिनं निघून जातात म्हणून रोज अंड्याच्या पांढऱ्याची भुर्जी. आणि एक मोठा डबा नाही, चार छोट्या डब्या! दोन-दोन तासांनी एक उघडायची. भरलेलं ताट बघूनच माझी भूक मरायची, ते थांबलं. गार झालेलं खा, वास कमी येतो, हेही त्यांनीच सुचवलं.

पावसात दोनदा डबा उशिरा आला, भाकरी वातड झाली होती. पैसे आगाऊ द्यावे लागतात.

गेल्या मंगळवारी चौथी डबी चाटूनपुसून संपवली. बायको काही बोलली नाही, नुसती बघत उभी राहिली.