एल-किटवर जिंजर बिअर: इंदूरच्या हवेत कितपत जमते?

ऑनलाइन मिळणारं पाच लिटरचं होम-ब्रू किट एल, म्हणजे एका प्रकारची बिअर, घरी बनवणाऱ्यांसाठी आखलेलं असतं. खोक्यात काचेची बरणी, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी झडप), सायफनची नळी, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं साधन), एल यीस्टची ५ ग्रॅमची पुडी, निर्जंतुकीकरणाची पूड आणि तारेच्या चापाच्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या निघतात. बिअरसाठी लागणारा माल्ट अर्काचा (मोड आणलेल्या जवाच्या अर्काचा) डबा वेगळा विकत घ्यावा लागतो. मध्य प्रदेशात मात्र तो न घेतलेलाच बरा, कारण १९१५ च्या आबकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरीसुद्धा बिअर बनवता येत नाही. (वडोदऱ्याच्या नातेवाइकांना हे किट भेट देण्याचा विचार तर सोडूनच द्या.) म्हणून इथे पारख केली आहे ती याच सामानावर जिंजर बिअर, म्हणजे आल्याचं फेसाळ पेय, करण्याची, तीही अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आसपास रोखून.

सामान चांगलं आहे. सोबतचं पत्रक मात्र इंदूरमध्ये वापरण्यासारखं नाही. ते २० अंशांची खोली गृहीत धरतं आणि अख्खी पुडी ओतायला सांगतं. ५ ग्रॅम यीस्ट वीसेक लिटर एलला पुरतं. पाच लिटरला फक्त फेस आणायचा असेल तर पाव चमचा, म्हणजे सुमारे १ ग्रॅम, भरपूर झालं. जास्त घातलं की पेयाला पावाच्या पिठाचा वास येतो आणि बाटलीतला दाब आवरत नाही. उरलेली पुडी हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवावी.

पाच लिटरसाठी १८० ग्रॅम जुनं, रेषाळ आलं, ५०० ग्रॅम साखर आणि तीन लिंबं. अर्धं आलं किसून दीड लिटर पाण्यात साखरेबरोबर दहा मिनिटं उकळायचं. उरलेला कीस गॅस बंद केल्यावर घालून झाकण ठेवायचं. आल्याचा तिखटपणा जिंजेरॉलचा असतो आणि फार उकळलं की तो सौम्य होत जातो, म्हणून आलं असं दोनदा घालायचं. झणका कमी वाटला तर चिमूटभर सुंठ घाला. वाळवताना जिंजेरॉलचं शोगाओल होतं आणि ते जास्त तिखट असतं. मग गाळून घ्या, उकळून गार केलेलं पाणी घालून पाच लिटर करा, लिंबू पिळा. मिश्रण ३० अंशांखाली आल्यावरच यीस्ट घालायचं, तेही आधी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. नर्मदेच्या नळाच्या पाण्यातलं क्लोरिन काढलं नाही तर औषधासारखा वास येतो, म्हणून वरून घालायचं पाणीही उकळलेलंच हवं. दुसरं म्हणजे बाटलीबंद लिंबूरस. त्यात सोडियम बेंझोएट किंवा केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) हे रस टिकवणारं रसायन असतं आणि यीस्ट हलतच नाही. मग लोक यीस्टला शिव्या देतात.

हायड्रोमीटर ही किटमधली सर्वात कामाची वस्तू, पण बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांना जुळवलेले असतात. वर दिलेल्या मापाने सुरुवातीचं वाचन १.०३८ च्या जवळ यायला हवं. मे महिन्यात नमुना ३५ अंशांचा असेल तर तो चार अंक कमी, म्हणजे १.०३४ दाखवतो. गंमत अशी की आपल्याला थांबायचं असतं तेही चार अंकांच्या उतारावरच! तेवढ्या उताराला अल्कोहोल अर्धा टक्का आणि दर लिटर पेयामागे सुमारे दोन लिटर वायू तयार होतो. म्हणजे काही आंबलं नसताना काम झाल्यासारखं वाटतं. नमुना फ्रिजमध्ये २० अंशांवर आणूनच मोजा, आणि फेसाळलेला असेल तर दोन ग्लासांत खालीवर करून वायू काढून टाका.

एअरलॉक इथे बिनकामाचा. वायू बाहेर सोडायचा नसून बाटलीत कोंडायचा असल्याने यीस्ट घातल्यावर लगेच बाटल्या भरायच्या, वर तीन-चार सेंटीमीटर जागा सोडून. साखर मात्र पुष्कळ शिल्लक असते. ती सगळी आंबली तर दर लिटरमागे वीस लिटरहून जास्त वायू होईल, आणि काचेची बाटली त्याच्या कितीतरी आधी फुटेल. म्हणून एक बाटली सोड्याची, प्लास्टिकची भरा आणि बाकीच्यांच्या शेजारी ठेवा. ती दाबून पाहिल्यावर न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखी कडक लागली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. काचेच्या बाटल्या तोवर झाकणाच्या खोक्यात ठेवाव्यात.

किती वेळ लागेल हे ऋतूवर आहे. जानेवारीत खोली १८-२० अंशांवर असते तेव्हा दोन-तीन दिवस लागतात. मे महिन्यात संध्याकाळी भरलेली बाटली सकाळी तयार असू शकते, शिवाय २५ अंशांच्या वर चवही उग्र होते. टबात पाणी घालून बाटल्यांवर ओलं फडकं टाकलं तर माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तापमान चांगलं उतरतं. पावसाळ्यात दमट हवेमुळे ही युक्ती चालत नाही. फ्रिजमध्ये यीस्ट मंदावतं, मरत नाही. आठवड्या-दहा दिवसांत संपवा, आणि रात्रभर वीज गेली असेल तर बाटल्या सिंकवरच उघडा.

किटवर खरी नाराजी बाटल्यांची. बरणी पाच लिटरची आणि बाटल्या मिळून दोन लिटर, हा हिशेब कुणी केला कोण जाणे. आणखी सहा घ्याव्या लागतात. झाकणाच्या रबरी वायसरला आल्याचा वास धरतो, म्हणून जादा वायसरही मागवा. नुसती जिंजर बिअरच करायची असेल तर अख्खं किट घेऊ नका. हायड्रोमीटर, एल यीस्टची पुडी आणि चापाच्या दहा बाटल्या सुट्या मागवा. बरणीचं काम घरातलं मोठं स्टीलचं पातेलं करतं, आणि आलं चोइथराम मंडीतून आणा.