बुधवार पेठेतला मायक्रोस्कोप: दोन महिने वापरल्यानंतर

बुधवार पेठेतल्या एका दुकानातून ७,२०० रुपयांना घेतला. विद्यार्थ्यांसाठीचा साधा मायक्रोस्कोप: ४, १०, ४० आणि तेल लावून वापरायची १०० पट अशा चार लेन्स, खाली एलईडी. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. शाळेत एका मायक्रोस्कोपमागे तीस मुलं असतात, त्यामुळे निवांत बघणं कधी होतच नाही. घरी स्वतःचा हवा होता तो मुख्यतः एका प्राण्यासाठी, टार्डिग्रेडसाठी. पाणअस्वल म्हणा.

मे महिन्यात आमच्या गच्चीच्या कठड्यावरचं शेवाळ इतकं वाळलेलं असतं की बोटांत धरलं की भुगा होतो. ते रात्री बशीत भिजवलं आणि सकाळी पिळून निघालेला थेंब काचपट्टीवर घेतला. (कव्हरस्लिपखाली, म्हणजे थेंबावर ठेवायच्या पातळ काचेखाली, केसाचा तुकडा ठेवा, नाहीतर प्राणी चिरडतो.) तीन दिवस नुसती माती आणि रोटिफर नावाचे दुसरे सूक्ष्म प्राणी. चौथ्या दिवशी ४च्या लेन्सखाली एक कण हलल्यासारखा वाटला. १०ची लावली, तर आठ आखूड पाय, पायांना नख्या, आणि मातीच्या खड्याला धरून वर चढायची धडपड. अर्धा मिलिमीटरही लांबी नसेल. लेकीला झोपेतून ओढून आणलं.

उन्हात तापलेल्या सिमेंटवर हा जीव आकसून, जवळजवळ सगळं पाणी गमावून पडून होता. त्याच्या भाईबंदांना २००७ साली फोटॉन-एम३ यानातून अंतराळात नेऊन दहा दिवस उघड्या पोकळीत ठेवलं होतं, आणि परत आल्यावर त्यातले बरेच पुन्हा हालचाल करू लागले. म्हणून मी वर्गात बिनधास्त सांगायचे, पाणअस्वल कुठेही जगतं. ते चूक होतं. काचपट्टीवरचा थेंब भरभर सुकू दिला, त्यातलं एकही पुन्हा उठलं नाही. शेवाळातच सावकाश वाळू दिलेली उठली. आणि वाळलेलं असताना पाणअस्वल खात नाही, वाढत नाही, अंडी घालत नाही. ते नुसतं टिकतं. टिकणं वेगळं आणि जगणं वेगळं.

परग्रहावर जीव शोधायचा तर हा फरक आधी कळायला हवा. मंगळावर पर्सिव्हिअरन्स गाडी जेझेरो विवरात फिरते, कारण तिथे सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वी तळं होतं आणि त्याच्या गाळात काही खूण टिकून राहिली असेल. आज जगत असलेलं काही हवं असेल तर पाण्याकडे जायचं. १९७७ साली गालापागोसजवळ समुद्रतळाशी, ऊन कधीच पोचत नाही अशा ठिकाणी, गरम झऱ्यांभोवती रसायनांवर पोसलेली अख्खी वस्ती सापडली. पुढे बर्फाखाली समुद्र असलेल्या युरोपा या गुरूच्या आणि एन्सेलाडस या शनीच्या चंद्राकडे लोक गांभीर्याने बघू लागले. एन्सेलाडसच्या बर्फातून उडणाऱ्या फवाऱ्यांत कॅसिनी यानाला हायड्रोजन सापडला; पृथ्वीवर काही सूक्ष्मजीव त्याच्यावरच जगतात.

इतकं लांब जायलाही नको. २०२०च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा आपल्या पुण्याच्या आघारकर संस्थेने त्यामागे खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं. मीही खडे मिठाचा एक पातळ खडा लेन्सखाली धरला. आत चौकोनी कप्प्यांत अडकलेलं पाणी स्पष्ट दिसतं. असे जीव अशाच कप्प्यांत तग धरतात. ते बघायला माझी नजर आणि ही लेन्स, दोन्ही अपुऱ्या पडल्या.

आता तक्रार. १००ची लेन्स पहिल्या दिवसापासून धुरकट होती. दुकानदार म्हणाले, तेल नीट लावत नाही तुम्ही. तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतः डोळा लावून बघितलं आणि बदलून दिली. तेव्हा दुकानातच चारही लेन्स तपासून घ्या. काचपट्टी धरायची क्लिपही सैल आहे, मी रबर लावलंय. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

पाचपैकी चार. घरात आठवी-नववीचं मूल असेल तर जरूर घ्या, आणि पहिलं शेवाळ त्यालाच खरवडून आणू द्या.