नागपूरच्या उन्हात आणि कूलरच्या ओलीत यूव्ही कोटिंग: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेसाठी तीन गोष्टी घेतल्या: जुन्या स्पेक्ट्रोफोटोमीटरसाठी (नमुन्यातून कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश पार होतो ते मोजणारं यंत्र) मॅग्नेशियम फ्लोराइडचा लेप असलेले अ‍ॅल्युमिनियमचे आरसे, २५४ नॅनोमीटरचा यूव्ही, म्हणजे अतिनील, प्रकाश तेवढा जाऊ देणारा एक फिल्टर आणि त्यामागे बसवायला प्रकाश मोजणारा एक फोटोडायोड. फेब्रुवारीत दुसरा फिल्टर घ्यावा लागला. आता सप्टेंबर लागला आहे. मधे उन्हाळा गेला, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) गेला, पावसाळाही जवळपास सरला. नागपुरात कोणत्याही कोटिंगबद्दल बोलायचं तर हे दोन ऋतू आधी जाऊ द्यावेत, असं माझं मत झालं आहे.

आधी गरज सांगते. काटोल, नरखेड, कळमेश्वर या भागातून येणारी आमची मुलं सुटी संपवून परतताना घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणतात. त्यातलं नायट्रेट आम्ही २२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या यूव्ही प्रकाशात मोजतो आणि सेंद्रिय पदार्थांचा वाटा वजा करायला २७५ ला पुन्हा एकदा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. तान्ह्या बाळांच्या रक्तातली ऑक्सिजन वाहण्याची ताकद जास्त नायट्रेटने घटते, म्हणून हा आकडा माझ्यासाठी फक्त प्रॅक्टिकलच्या वहीतला नाही. अडचण अशी की पाणी पातळ न करता मोजलं तर त्या मर्यादेच्या आसपास नमुना २२० ला इतका गडद होतो की शंभरातला एखादा हिस्सा प्रकाशही मुश्किलीने पलीकडे पोचतो. अशा वेळी यंत्रात भलत्याच तरंगलांबीचा थोडासा प्रकाश भरकटत असेल तर डिटेक्टर तोच मोजतो आणि नायट्रेट आहे त्यापेक्षा कमी दिसतं. म्हणजे चूक होते ती नेमकी धोक्याच्या बाजूला.

आमच्या यंत्रात हेच होत होतं. ५४० ला, म्हणजे दृश्य प्रकाशात, आकडे शेजारच्या विभागातल्या नव्या यंत्राशी तंतोतंत जुळायचे, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. मग सोडियम आयोडाइडची चाचणी केली. लिटरला १० ग्रॅमचं द्रावण १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायची पारदर्शक कुपी) २२० ला पूर्ण अपारदर्शक असतं, त्यातून जे काही येताना दिसेल ते सगळं भरकटलेला प्रकाश. आमच्याकडे ते स्पष्ट दिसत होतं.

झाकण काढून पाहिलं तर आरसे चकचकीत! डोळ्यांना दिसणारी चमक आणि यूव्हीतली चमक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी वर्षानुवर्षं शिकवते. तरी त्या आरशांकडे पाहून क्षणभर माझाही विश्वास बसेना. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेत काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो. दृश्य प्रकाशाला तो जाणवतही नाही, पण तरंगलांबी २०० च्या खाली जाऊ लागली की तोच प्रकाश गिळतो. शिवाय आमच्या यंत्रातला एक आरसा पूर्वीच्या दुरुस्तीत बदललेला निघाला, आणि त्यावर सिलिकॉन मोनॉक्साइडचा साधा संरक्षक लेप होता. दृश्य प्रकाशासाठी तो लेप टिकाऊ आणि चांगला, यूव्ही मात्र शोषून घेतो. ज्याने तो बसवला त्याने आरसा म्हणजे आरसा असं समजून बसवला असणार. आमची कितीतरी मोजमापं त्या एका आरशातून गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

इथे एक हिशेब पाहा. प्रकाशाच्या वाटेत पाच आरसे आहेत असं धरा. प्रत्येक आरसा ८५ टक्के प्रकाश परत पाठवत असेल तर शेवटी ४४ टक्के उरतो. प्रत्येक जण ६० टक्क्यांवर घसरला तर उरतात जेमतेम ८ टक्के. म्हणून एकच आरसा बदलून भागत नाही, आम्ही सगळे बदलले.

नवे आरसे बसवून जुळवणी करायला दोन पूर्ण दिवस लागले. त्यानंतर आयोडाइडच्या चाचणीत काहीच दिसेना आणि नायट्रेटचा प्रमाण-आलेख (माहीत प्रमाणाच्या द्रावणांवरून काढलेला), जो वरच्या टोकाला वाकायचा, तो सरळ झाला. दहा महिन्यांनंतरही तो सरळ आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही ती चाचणी करून वहीत लिहितो. आरशांबद्दल माझं मत इथेच पूर्ण होतं: घ्यावेत. मॅग्नेशियम फ्लोराइड ११५ नॅनोमीटरच्या आसपासपर्यंत पारदर्शक राहतं आणि खालच्या अ‍ॅल्युमिनियमला हवा लागू देत नाही. हबल दुर्बिणीच्या २.४ मीटरच्या मुख्य आरशावरही हीच जोडी आहे.

सांभाळायचं मात्र बरंच आहे, आणि नागपूरकरांनी इथे विशेष लक्ष द्यावं. एप्रिल लागला की प्रयोगशाळेत कूलर सुरू होतो. बाहेर ४५ अंश आणि कोरडी ठणठणीत हवा, पण आत कूलरच्या झोतात ओल आणि बारीक तुषार. आमच्याकडे कूलरला बोअरचं जड पाणी लागतं. मे महिन्यात झाकण उघडलं तर पहिल्या आरशावर पांढरे बारीक ठिपके! पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. हे ठिपके पुसायचे नाहीत. लेप पातळ असतो, कापसाने घासलं की ओरखडा कायमचा. रबरी फुग्याने हवा मारायची आणि जे निघणार नाही ते तसंच राहू द्यायचं. यंत्र आता कूलरच्या समोरून हलवून भिंतीच्या आडोशाला ठेवलं आहे. आरशाला बोट लावायचं नाही हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. बोटाचा तेलकटपणा यूव्ही शोषतो, आणि यूव्ही पडून पडून तो तिथेच पक्का होत जातो. वाफ आरशांवर बसू नये म्हणून जवळपास सिलिकॉन ग्रीसची उघडी डबी ठेवणंही आम्ही बंद केलं. अवकाशातही यातून सुटका नाही. हबलवरच्या एका जुन्या कॅमेऱ्यात थंड डिटेक्टरच्या खिडकीवर वाफेचं किटण धरून यूव्हीतला प्रकाश घटत जायचा. तेव्हा साधारण महिन्यातून एकदा तो तापवून साफ करावा लागे.

आता फिल्टर. ही गोष्ट मोठी आहे.

सेंद्रिय पदार्थ २५४ चा प्रकाश शोषतात. अंबाझरी आणि फुटाळा तलावांचं पाणी आणि नळाचं पाणी यांतला सेंद्रिय भार तुलनेने पाहता यावा म्हणून मुलांसाठी एक साधं २५४ चं मीटर जोडायचं होतं. कमी दाबाचा पाऱ्याचा दिवा २५३.७ ला जोरदार प्रकाश देतो, त्यासोबत ३१३, ३६५, ४०५, ४३६ आणि ५४६ च्या आसपासच्या रेषाही. त्यातली पहिली ठेवायची आणि बाकीच्या अडवायच्या, एवढंच फिल्टरचं काम. काचेच्या रंगावर हे होत नाही, पातळ थरांच्या व्यतिकरणावर (थरांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून वाढणं किंवा पुसलं जाणं) होतं. एकाआड एक जास्त आणि कमी अपवर्तनांकाचे थर चढवतात आणि त्यातल्या बहुतेकांची जाडी त्या त्या पदार्थातल्या तरंगलांबीच्या पावपट ठेवतात. २५४ साठी हा हिशेब हाफ्निया (हाफ्नियमचं ऑक्साइड) वापरला तर सुमारे ३० नॅनोमीटर आणि सिलिका वापरली तर सुमारे ४२ नॅनोमीटर येतो. दृश्य प्रकाशात सर्रास वापरलं जाणारं टायटॅनियम डायॉक्साइड इथे उपयोगाचं नाही, ते स्वतःच यूव्ही गिळतं. खालची चकतीही साधी काच चालत नाही, फ्यूज्ड सिलिका लागते.

पहिला फिल्टर स्वस्तातला, मऊ लेपाचा. त्याच्यासोबत २०० ते ४०० नॅनोमीटरचा पारगमन-आलेख (कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश पार होतो ते दाखवणारा) आला होता आणि तो सुंदर दिसत होता. फेब्रुवारीत एका मुलीने विचारलं, "मॅडम, दिवा तर बंद आहे, मग हे काहून आकडा दाखवून राहिलं?" मीटर खिडकीपाशी होतं. झाकलं की आकडा शून्य, उघडलं की परत वर.

त्या प्रश्नातून मला यूव्ही फिल्टरची सगळ्यात सोपी चाचणी मिळाली. सूर्याचा २९० नॅनोमीटरखालचा प्रकाश ओझोन वरच अडवतो, २५४ तर जमिनीवर पोचतच नाही. म्हणजे खरा २५४ चा फिल्टर भर दुपारच्या उन्हात धरला तर मागच्या डायोडने शून्यच दाखवायला हवं. जे दाखवेल ती गळती. आमचा डायोड सिलिकॉनचा होता आणि सिलिकॉनला सगळ्यात जास्त दिसतं ते ९०० नॅनोमीटरच्या पुढेमागे, अवरक्तात. फिल्टर तिथे जरासा जरी झिरपला तरी आकडा फुगतो. विक्रेत्याचा आलेख ४०० लाच संपत होता. पुढचा ११०० पर्यंतचा मागितला तेव्हा आधी टाळाटाळ झाली, मग उत्तरच आलं नाही. पैसे परत मिळाले नाहीत. नाव इथे लिहीत नाही, पण ४०० ला संपणारा आलेख स्वीकारू नका, हे मनापासून सांगते.

दुसरा फिल्टर कठीण लेपाचा, हाफ्निया आणि सिलिकाच्या थरांचा. किंमत जवळपास चौपट. आलेख २०० ते ११०० पर्यंत पूर्ण आला. तो घेऊन गच्चीवर गेलो, तेव्हाही आकडा शून्य आणि नवतपात भर दुपारी एकला पुन्हा केलं तेव्हाही शून्य. सोबत डायोडही सिलिकॉन कार्बाइडचा घेतला. त्याला दृश्य प्रकाश दिसतच नाही, त्यामुळे उरलीसुरली भीती गेली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडलेल्या आणि २ सप्टेंबर २०२३ ला सूर्याच्या अभ्यासासाठीच्या आदित्य-एल१ यानासोबत गेलेल्या सूट या यूव्ही दुर्बिणीत २०० ते ४०० च्या पट्ट्यासाठी ११ फिल्टर आहेत. सूर्याचा बहुतेक प्रकाश दृश्य आणि अवरक्त. त्यातून यूव्हीचा अरुंद पट्टा स्वच्छ वेगळा काढणं किती अवघड, हे मला आमच्या गच्चीवर उभी असताना खऱ्या अर्थाने समजलं.

पहिला फिल्टर टाकला नाही, दोन्ही शेजारी ठेवून पावसाळा पाहिला. जुलैअखेर पहिल्याच्या कडेने आत सरकणारी फिकट कड दिसू लागली, आता ती दोन मिलिमीटर आली आहे. मऊ लेप सच्छिद्र असतात, त्या पोकळीत ओल शिरते, अपवर्तनांक वाढतो आणि फिल्टरचा मध्य जास्त तरंगलांबीकडे सरकतो. उन्हाळ्यात कोरडा झाला की उलटा परत येतो. म्हणजे तोच फिल्टर मे महिन्यात एक आणि ऑगस्टमध्ये दुसरा. कठीण लेपात थर घट्ट असल्याने हे जवळपास होत नाही. आमच्याकडे अजून तरी कडेला काही दिसलेलं नाही.

एक चूक आमचीही होती. दिवा फिल्टरच्या अगदी जवळ ठेवला होता, त्यामुळे प्रकाश तिरका शिरत होता. तिरक्या प्रकाशाला फिल्टर कमी तरंगलांबीकडे सरकलेला भासतो: १० अंशांना साधारण सव्वा नॅनोमीटर, २० अंशांना पाच. मधे काळ्या रंगाची नळी घालून दिवा मागे नेल्यावर आकडे स्थिरावले. आणि हा दिवा झाकल्याशिवाय कधी लावू नका, डोळ्यांना आणि कातडीला २५४ फार वाईट.

पहिल्यांदा घेणाऱ्याने पैसे आरशांवर आणि कठीण लेपाच्या फिल्टरवर घालावेत, नक्षीदार पेटीवर नाही. पेटी आम्ही इतवारीतून आणलेल्या स्टीलच्या झाकणबंद डब्यातूनच केली. आत सिलिका जेलची पुडी आहे, ती निळ्याची गुलाबी झाली की ओव्हनमध्ये वाळवतो. ऑगस्टमध्ये दर चौथ्या दिवशी वाळवावी लागली.