संरक्षित माशांवरच्या संशोधनाचा ऑनलाइन परवाना: सहा हंगामांनंतर

आमचा गट स्टर्जन माशांवर (ज्यांच्या अंड्यांचं कॅव्हियार बनतं) काम करतो. परवान्याचे अर्ज गेले सहा हंगाम मीच भरते. त्याआधी ते कागदावर जायचे. आता अर्ज ऑनलाइन पोर्टलवर भरायचा असतो. ते कसं आहे असं कुणी विचारलं की मी आधी त्यातल्या एका तक्त्याबद्दल सांगते, कारण या प्रणालीचा सगळा जीव तिथे आहे.

तक्त्याच्या एका ओळीत एकच काम बसतं. कोणती जात, पिल्लू की प्रौढ, नदीत जन्मलेला की हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) सोडलेला, कशाने पकडणार, पकडून काय करणार, किती. कागदावर आम्ही ‘सुमारे 200 मासे पकडून, खुणा करून सोडू’ एवढ्यावर भागवायचो. आता 140 पिल्लं नुसती मोजून सोडायची ती एक ओळ, 20 प्रौढ माशांच्या पराचा बारीक तुकडा जनुकीय तपासणीला घ्यायचा ती दुसरी, आणि 40 माशांना ओळख पटवणारी 12 मिलिमीटरची चिप टोचायची ती तिसरी.

शेवटचा रकाना विचारतो: पकडताना, हाताळताना चुकून किती मरतील? पहिल्या वर्षी मी शून्य लिहिलं, अगदी मनापासून. अर्ज परत आला. जाळं किती वेळ पाण्यात राहणार, पाण्याचं तापमान किती, मग शून्य कशावरून? उत्तरासाठी आम्ही आमच्याच जुन्या वह्या काढल्या. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि जाळ्यात धडपडून दमलेल्या माशाला तो नेमका तेव्हाच जास्त हवा असतो. आमच्या हातून मेलेले मासे बहुतेक तशाच दिवसांतले निघाले. तेव्हापासून जाळं लवकर उचलतो आणि पाणी ठरावीक तापमानाच्या वर गेलं की त्या दिवसाचं काम बंद करतो. काही जातींच्या स्टर्जन माद्यांना पहिली अंडी द्यायला पंधराहून जास्त वर्षं लागतात. 2022 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने उरलेल्या सगळ्या 26 जाती धोक्यात असल्याचं जाहीर केलं. अशा माशाबद्दल हा प्रश्न ओळीओळीला विचारला जातो, म्हणून मला ही प्रणाली हवीच आहे.

वर्षाअखेरचा अहवालही छान बांधलाय. मंजूर झालेल्या ओळी तशाच समोर येतात, शेजारी प्रत्यक्षातले आकडे भरायचे. 40 मागितले आणि 23 लागले, तर पुढच्या वर्षी 40 का मागता याचं कारण द्यावं लागतं.

आता त्रास. अर्ध्या तासात लॉगिन सुटतं आणि न साठवलेला मजकूर जातो. दोनदा रडकुंडीला आले आहे. सगळं आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहा, मग चिकटवा. नावेवरचा एक मदतनीस बदलला तरी आख्खा अर्ज पुन्हा उघडतो. आणि पाण्यातल्या डीएनएवरून माशाचा माग काढायचा असेल, तर आम्ही बाटलीभर पाणी घेतो, माशाला हातही लावत नाही. तरी ‘पकडण्याची पद्धत’ निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. माशाला सर्वांत कमी त्रास देणाऱ्या पद्धतीला यादीत जागा नसावी याचं मला खरंच वाईट वाटतं.

नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असतील तर हा परवाना पुरत नाही. 1998 पासून सगळे स्टर्जन साइट्स करारात (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आहेत, त्यामुळे इथेनॉलमधल्या पराच्या तुकड्यालाही त्याची वेगळी कागदपत्रं लागतात. निर्यात परवाना सहाच महिने चालतो, म्हणून हंगाम संपल्यावरच मागा. दोन्ही संस्था साइट्सकडे नोंदणीकृत असतील, तर जतन केलेले नमुने बिनव्यापारी देवाणघेवाणीत नुसत्या लेबलवर पाठवण्याची सोय करारातच आहे. पोर्टलवर याबद्दल एक ओळही नाही. मला हे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितलं, तोवर आमचा एक हंगाम वाया गेला होता.

पाचपैकी साडेतीन तारे. पहिल्यांदा भरणाऱ्यांनी तक्त्यासाठी चार दिवस राखून ठेवा आणि शेवटचा रकाना एकट्याने भरू नका. नावेवर जाळं ओढणाऱ्यांना शेजारी बसवा. यंदा आमच्या रकान्यात 3 आहे, आणि तो आकडा त्यांनीच सांगितलाय.