क्रेंकोचा डेक: महिनाभर खेळल्यावर

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचा कमांडर प्रकार: १०० पत्ते, त्यात एक म्होरक्या. मी 'क्रेंको, मॉब बॉस' घेतला आणि त्याच्याभोवती लाल गॉब्लिनच (बुटक्या राक्षसांचे पत्ते) गॉब्लिन भरले.

क्रेंकोचा पत्ता आडवा केला की आपल्याकडे जितके गॉब्लिन, तितकेच नवे येतात. १चे २, २चे ४, ४चे ८! परवा या नव्या गॉब्लिनसाठी मांडायची टोकन संपली, शेवटी काचेचे मणी मांडले. काय सुख!

पण आल्या आल्या तो आडवा करता येत नाही, म्हणून लगेच आडवा करू देणारा 'लाइटनिंग ग्रीव्ह्ज' हा पत्ता हवाच. क्रेंको मेला की पुन्हा आणायला दर वेळी २ 'माना' (पत्ता खेळायला लागणारी जादुई ऊर्जा) जास्त लागतात. तिसऱ्यांदा फार जड जातं. सगळे प्राणी मारणारा एक पत्ता पडला की टेबल ओकंबोकं. तरी माझ्याकडून पाचपैकी साडेचार.