एकच अल्बम, चार कोपरे: जुनी क्वाड रेकॉर्ड की नवीन डिस्क?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' माझ्याकडे आता तीन प्रकारांत आहे. ७३ सालची एसक्यू क्वाड रेकॉर्ड, २००३ ची एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आणि २०११ च्या मोठ्या बॉक्समधली ब्ल्यू-रे. किमती लिहीत नाही, घरचे वाचतात.

आधी रेकॉर्ड. क्वाड म्हणजे पुढे दोन मागे दोन असे चार स्पीकर, पण रेकॉर्डच्या खाचेत जागा दोनच चॅनलची, मग एसक्यू पद्धत काढणाऱ्या सीबीएस कंपनीवाल्यांनी काय केलं तर चारही आवाज फेज (म्हणजे लहरी मागेपुढे सरकवून) फिरवून दोनांत कोंबले आणि घरी डिकोडर लावून तुमचे तुम्ही सोडवून घ्या. आता सोडवायचे म्हणजे जमतील तेवढेच हां. डावं-उजवं छान वेगळं होतं, पण पुढचं-मागचं साध्या डिकोडरवर जेमतेम ३ डेसिबलचा फरक, त्यामुळे गिटार समोर आहे का पाठीमागे हे आपणच मनाशी ठरवायचं! फुल लॉजिकवाला डिकोडर जरा बरा, जो आवाज मोठा त्याचा कोपरा उचलून धरतो, एकटंदुकटं वाद्य असलं की मजा येते, पण अख्खा बँड सुटला की तो भांबावतो आणि मागचे स्पीकर धाप लागल्यासारखे वरखाली होतात. माझा डिकोडर जपानी, १०० व्होल्टचा, म्हणजे स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आला, त्याची गुणगुण आली. आणि रेकॉर्ड प्लेअरची पिन जरा तिरकी बसली की फेज बिघडून पुढचं मागं सांडतं, त्या पायी दोन रविवार गेले.

(जेव्हीसीची सीडी-४ पद्धत होती, तीत खरोखर चार चॅनल, पुढचं-मागचं वेगळं करणारी माहिती ३० किलोहर्ट्झच्या कॅरियरवर, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या लहरीवर. त्याला शिबाता नावाची खास आकाराची पिन लागायची, साधी पिन लावून वाजवत बसलं की तो कॅरियरच घासून जायचा. पण हा अल्बम एसक्यूवर आलाय, त्यामुळे तो विषय इथेच सोडतो.)

पण मिक्स, म्हणजे कुठला आवाज कुठल्या स्पीकरमधून काढायचा ती मांडणी! अ‍ॅलन पार्सन्सने, म्हणजे अल्बमच्या साउंड इंजिनिअरने, केलेला क्वाड मिक्स काय बेधडक आहे राव. 'टाइम'मधली घड्याळं त्याने मुळात क्वाडचा डेमो करायचा म्हणूनच जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून रेकॉर्ड केलेली, ती चारी बाजूंनी वाजली तेव्हा आई आतून विचारत आली की कुठलं घड्याळ पडलं. 'मनी'च्या सुरुवातीचा गल्ल्याचा आणि नाण्यांचा आवाज खोलीभर फेरी मारतो. गंमत म्हणजे फेब्रुवारी ७३ मध्ये लंडनच्या प्लॅनेटेरियममध्ये पत्रकारांना अल्बम ऐकवला तेव्हा हा मिक्स तयारच नव्हता, स्टिरिओवर भागवलं, आणि कीबोर्डवाला रिक राइट सोडून बँडमधलं कोणी फिरकलं नाही.

एसएसीडीच्या बाबतीत माझाच मूर्खपणा. हायब्रिड डिस्क आहे, म्हणजे एक थर साध्या सीडीचा, एक एसएसीडीचा, कुठल्याही प्लेअरमध्ये चालते म्हणून ऑप्टिकल केबलने लावली आणि आठवडाभर "व्वा काय सराउंड" करत होतो. वाजत होता सीडीचा स्टिरिओ थर! सराउंडच्या थराला एसएसीडीचाच प्लेअर लागतो, वर एचडीएमआय नाहीतर सहा आरसीए वायरी. नीट जोडल्यावर मात्र साउंड इंजिनिअर जेम्स गथ्रीचा ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) मिक्स लख्ख ऐकू आला. ना चरचर ना गुणगुण, खालचा बास घट्ट. पण सभ्य. पार्सन्स आवाज तुमच्या मानेमागे आणून सोडतो, गथ्री खुर्चीत बसवून चहा देतो. मला पहिला आवडतो, बायकोला दुसरा.

आता ब्ल्यू-रे, कारण खरा निकाल तिथे लागतो. तिच्यात ५.१ आहेच पण पार्सन्सचा क्वाडसुद्धा आहे, २४ बिट ९६ किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जात, चार चॅनल चार ठिकाणी, सोडवासोडवी काही नाही. तोच मिक्स रेकॉर्डवर ऐकून मग इथे ऐकला तर कळतं की ७३ साली लोकांनी घरात डिकोडर लावून जे ऐकलं ते निम्मंच होतं. क्वाड फसलं ते मिक्स करणाऱ्यांमुळे नाही, प्लास्टिकच्या खाचेमुळे.

तर घ्यायची असेल तर ब्ल्यू-रे घ्या. रेकॉर्ड कव्हरसाठी आणि हौसेसाठी, आवाजासाठी नको. फक्त एक बघा, ५.१ ला मागचे स्पीकर कानाच्या जरा मागे ११० अंशांवर लावतात, क्वाडला पार मागच्या कोपऱ्यांत लागतात, आणि त्यात सबवूफरचा वेगळा चॅनल नसतो, मागच्यांनाही पुढच्यांइतकंच काम असतं, त्यामुळे होम थिएटरबरोबर आलेले डबीएवढे स्पीकर तिथे मान टाकतात. मी स्टँडवरचे मोठे घेतलेत आणि फरशीवर चिकटपट्टीच्या दोन-दोन खुणा करून ठेवल्यात, डिस्क बदलली की स्पीकर सरकवायचे. कामवाल्या मावशींनी एक खूण पुसलीय, ती परत मोजायचीय.